लाखो फायलींच्या फोल्डरची यादी कमांड लाइनवरून जलद कशी काढावी

प्रश्न असा आहे : एका लिनक्स सर्व्हरवरील एकाच फोल्डरमध्ये गेली काही वर्षे स्कॅन केलेल्या अर्जांच्या प्रतिमा साठत गेल्या असून त्यांची संख्या आता १० लाखांच्या घरात गेली आहे. त्या फोल्डरमध्ये एलएस ही कमांड दिली की टर्मिनल बराच वेळ निश्चल राहतो, आणि नावाशी एखादे चिन्ह जोडून मोजक्या फायली मागितल्या तर यादी फार लांब असल्याची तक्रार करून कमांड बंद पडते. यादी जलद मिळवण्याचा मार्ग कोणता, आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. तुमच्या सर्व्हरवर आधीपासून असलेली एलएस हीच कमांड पुरेशी आहे; फक्त तिच्याकडून न मागता होणारी कामे थांबवली पाहिजेत. घाईत असाल तर आधी एवढे करा : बॅकस्लॅश, त्याला चिकटून एलएस, मग जागा सोडून डॅश, आकडा १ आणि कॅपिटल यू. नावे ताबडतोब येऊ लागतील. ती पडद्यावर सोडण्यापेक्षा एखाद्या मजकूर फाइलमध्ये वळती करावीत, कारण १० लाख ओळी रंगवणे हे टर्मिनलसाठी स्वतंत्र आणि वेळखाऊ काम असते, विशेषतः तुम्ही दूरवरून एसएसएचने जोडलेले असाल तेव्हा. ही फाइल मात्र त्याच फोल्डरमध्ये तयार करू नये. टेम्प फोल्डरमध्ये किंवा आपल्या होम फोल्डरमध्ये करावी. या उत्तरात कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत आणि कॅपिटल व स्मॉल अक्षरांतला भेद काटेकोर पाळावा, कारण एलएसच्या बाबतीत त्या भेदाने अर्थच बदलतो.

आता कारण पाहू, कारण ते समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, ही कार्यालयातील आवक नोंदवहीसारखी असते : तिच्यात कागदाचे नाव आणि तो कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यात आहे एवढेच लिहिलेले असते, कागद किती पानी आहे किंवा त्यावर शेवटचा शेरा कधी पडला हे तिच्यात नसते. फाइलचा आकार, मालक, परवानग्या, तारीख ही सगळी माहिती आयनोडमध्ये असते आणि प्रत्येक फाइलचा आयनोड वेगळा असतो. नुसती नावे हवी असतील तर डिरेक्टरी एकदा वाचून काम संपते. इतर काही हवे असेल तर प्रत्येक फाइलचा आयनोड स्वतंत्रपणे उघडून पाहावा लागतो.

दोन्हींतले अंतर आकड्यांत मांडले तर अधिक स्पष्ट होईल. लिनक्समध्ये डिरेक्टरीतील नोंदी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागण्याच्या सिस्टिम कॉलचे (विचारणेचे) नाव गेटडेंट्स६४ असे आहे आणि जीलिबसी ही लायब्ररी त्यासाठी सहसा ३२ किलोबाइटचा बफर, म्हणजे मेमरीतला तात्पुरता साठा, वापरते. फाइलचे नाव २० रोमन अक्षरांचे असेल तर कर्नलकडून येणारी एक नोंद ४० बाइटची होते. म्हणजे एका कॉलमध्ये सुमारे ८०० नावे हाती येतात आणि १० लाख नावांसाठी सव्वाबाराशेच्या आसपास कॉल पुरतात. याउलट प्रत्येक फाइलचा आकार विचारायचा तर स्टॅट किंवा त्याचा नवा अवतार असलेला स्टॅटएक्स हा कॉल फाइलगणिक एकदा करावा लागतो, म्हणजे १० लाख वेळा. एका बाजूला हजार-बाराशे आणि दुसऱ्या बाजूला १० लाख; तुमचा सगळा वेळ या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी जातो आहे.

पण मी तर साधे एलएस दिले होते, आकार मागितलाच नव्हता, असे तुम्ही म्हणाल. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. बहुतेक लिनक्स वितरणांत एलएस या नावामागे रंग दाखवण्याचा ऑप्शन जोडलेले उपनाम, म्हणजे अलियस, दडवून ठेवलेले असते. डिरेक्टरी निळी दाखवायला नोंदीतला प्रकार पुरतो, कारण बहुतेक फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था) नावासोबत तो प्रकारही देतात. परंतु चालवता येणारी फाइल हिरवी दाखवायची तर तिच्या परवानग्या पाहाव्या लागतात, आणि परवानग्या आयनोडमध्ये असतात. म्हणजे केवळ रंगासाठी १० लाख स्टॅट कॉल होतात. टाइप एलएस अशी कमांड दिली की तुमच्याकडे अलियस आहे की नाही ते दिसेल. कमांडपुढचा बॅकस्लॅश त्या अलियसला वगळतो आणि मूळ एलएस चालवतो. रंगच हवे असतील तर एलएस अंडरस्कोर कलर्स या पर्यावरण चलात चालवता येणाऱ्या फायली, विशेष परवानग्यांच्या फायली आणि कॅपॅबिलिटी असलेल्या फायली यांचे रंग बंद करून निम्मा मार्ग साधता येतो, पण एवढ्या मोठ्या फोल्डरसाठी रंगाचा आग्रह धरण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसरे न मागितलेले काम म्हणजे क्रम लावणे. एलएस नावे वर्णक्रमाने दाखवते, म्हणून शेवटचे नाव हाती येईपर्यंत तिला पहिलेही छापता येत नाही. सगळी नावे मेमरीत गोळा करायची, क्रम लावायचा आणि मग छापायचे, असा तिचा व्यवहार आहे. टर्मिनल निश्चल दिसतो तो याच काळात. शिवाय हा क्रम साध्या बाइटच्या तुलनेने लागत नाही, तर तुमच्या लोकेलच्या, म्हणजे यंत्रावर निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या, भाषिक नियमांनी लागतो आणि ती तुलना बरीच महाग असते. क्रम आवश्यकच असेल तर कमांडपुढे एलसी अंडरस्कोर कोलेट बरोबर कॅपिटल सी असे लिहावे. तुलना बाइटवार होते आणि वेळ वाचतो. अनेक ठिकाणी याऐवजी एलसी अंडरस्कोर ऑल हे चल वापरण्याचा सल्ला दिला जातो. रोमन नावांना तो चालतो, पण तुमच्या फायलींची नावे देवनागरीत असतील तर त्याने टर्मिनलवर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा आकड्यांच्या माळा दिसू लागतात, म्हणून मराठी नावे असणाऱ्यांनी फक्त कोलेटच बदलावे. मात्र एलसी अंडरस्कोर ऑल आधीच ठरवून ठेवलेले असेल तर कोलेटला किंमत उरत नाही, हे तपासून घ्यावे. देवनागरीच्या निमित्ताने आणखी एक सांगून ठेवतो : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, आणि लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, म्हणजे मराठी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचे होऊ शकते आणि डिरेक्टरीतील नोंदीही त्या मानाने लांबतात.

तिसरे काम स्तंभ पाडण्याचे. टर्मिनलवर एलएस नावे स्तंभांत मांडते आणि त्यासाठी प्रत्येक नावाची लांबी आधी माहीत असावी लागते. म्हणूनच वर मी कॅपिटल यूबरोबर आकडा १ लिहायला सांगितला. कॅपिटल यू क्रम थांबवते आणि १ हा ऑप्शन ओळीला एक नाव ठेवतो; जीएनयूच्या, म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या, एलएसमध्ये हे दोन्ही एकत्र आले की नाव वाचताक्षणी छापले जाते आणि मेमरीत काहीही साठवले जात नाही. दोहोंपैकी एकच दिले तर हा लाभ मिळत नाही. पाइपमधून दुसऱ्या कमांडला दिले तर एका ओळीत एक नाव हे आपोआपच होते, त्यामुळे तिथे १ लिहिला नाही तरी चालते. पहिली वीस नावे नमुन्यादाखल पाहायची असतील तर याच कमांडपुढे पाइप आणि हेड डॅश एन २० लावावे; वीस नावे मिळताच हेड थांबते, पुढे लिहायला कोणी उरत नाही म्हणून एलएसही थांबते आणि उरलेली डिरेक्टरी वाचलीच जात नाही.

मॅकओएस वापरणाऱ्यांनी येथे सावध राहावे. तिथली एलएस बीएसडी घराण्यातली आहे आणि तिच्यात कॅपिटल यूचा अर्थ क्रम लावू नये असा नसून फाइल तयार झाल्याची वेळ वापरावी असा आहे. तिथे स्मॉल एफ वापरावे. स्मॉल एफ लिनक्सवरही चालते आणि दोन्हीकडे क्रम थांबवते, फक्त त्यासोबत टिंबाने सुरू होणारी लपलेली नावे आणि स्वतः डिरेक्टरीच्या एक टिंब व दोन टिंबे या नोंदीही यादीत येतात. जीएनयूच्या जुन्या आवृत्त्यांत स्मॉल एफ दिल्यावर आधी दिलेला स्मॉल एल आणि रंगाचा ऑप्शन दोन्ही रद्द होत असत, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर सविस्तर यादी न दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

आता सविस्तर यादीकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आकार आणि तारीख हवीच असेल तर आयनोड वाचणे टळत नाही. प्रश्न एवढाच उरतो की ते कोणत्या क्रमाने वाचायचे. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर मोठ्या डिरेक्टरीतील नोंदी हॅशवर आधारलेल्या वृक्षात ठेवलेल्या असतात आणि वाचताना त्या हॅशच्या क्रमाने बाहेर येतात. हा क्रम ना नावांचा, ना फायली तयार झाल्याचा, ना डिस्कवरील जागेचा. एलएसला स्मॉल एल दिला की ती याच क्रमाने एकेक आयनोड मागत जाते, आणि आयनोड डिस्कवर विखुरलेले असल्याने फिरत्या हार्ड डिस्कचे डोके सारखे मागे-पुढे धावते. एसएसडीवर हा त्रास खूपच कमी होतो, परंतु संपत नाही. त्यातच एलएस प्रत्येक फाइलसाठी विस्तारित परवानग्या आहेत का हेही विचारते, कारण परवानग्यांच्या शेवटी अधिक चिन्ह दाखवायचे की नाही हे तिला ठरवायचे असते.

म्हणून आकार-तारखांसह मोठी यादी हवी असेल तेव्हा मी एलएसऐवजी फाइंड ही फायली शोधणारी कमांड वापरण्याचा आग्रह धरतो. जीएनयू फाइंड डिरेक्टरी वाचताना नोंदी एकदम सगळ्या न घेता जास्तीत जास्त १ लाखाच्या तुकड्यांत घेते, आणि तुकड्यातील नोंदी १० हजारांहून अधिक असतील तर स्थानिक डिस्कवर त्या आधी आयनोड क्रमांकानुसार लावून मग आयनोड उघडते. डिस्कवरचे शेजारी शेजारी वाचले जातात आणि एलएसच्या स्मॉल एलला जिथे कंटाळवाणा वेळ लागतो तिथे फाइंड लक्षणीय लवकर काम उरकते. कमांड अशी : फाइंड, मग टिंब, मग डॅश मिनडेप्थ १, डॅश मॅक्सडेप्थ १, आणि डॅश प्रिंटएफपुढे अवतरणचिन्हांत टक्का स्मॉल एस, जागा, टक्का कॅपिटल टी आणि त्याला चिकटून @ चिन्ह, जागा, टक्का स्मॉल एफ आणि शेवटी बॅकस्लॅश एन. यातून प्रत्येक ओळीवर आकार, सेकंदांत बदलाची वेळ आणि नाव मिळते. ती यादी फाइलमध्ये एकदा साठवावी आणि मग सॉर्ट, ऑक, ग्रेप यांनी हवे तितक्या वेळा त्या मजकुराशी खेळावे. सर्वांत मोठ्या फायली कोणत्या, मागच्या महिन्यात किती आल्या, अशा प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा डिस्ककडे जाण्याची सवय सोडली तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

स्मॉल एल सोडता येत नसेल तर त्याऐवजी स्मॉल एन वापरून पाहावे. त्यात मालकाचे नाव न दाखवता फक्त क्रमांक दाखवला जातो. नावे एलडॅपसारख्या मध्यवर्ती व्यवस्थेतून येणाऱ्या कार्यालयांत प्रत्येक नव्या क्रमांकासाठी नेटवर्कवर विचारणा होते आणि ती व्यवस्था मंद असेल तर दोष फोल्डरला दिला जातो.

यादी फार लांब असल्याची जी तक्रार तुम्हाला दिसली तिचा एलएसशी संबंधच नाही. तुम्ही एलएसपुढे तारांकन आणि डॉट जेपीजी लिहिता तेव्हा ते तारांकन एलएसपर्यंत पोहोचत नाही. शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा बॅशसारखा प्रोग्राम, स्वतः सगळी डिरेक्टरी वाचते, जुळणारी सगळी नावे क्रमाने लावते आणि ती सगळी एलएसला शब्दांच्या रूपाने द्यायला जाते. नव्या प्रोग्रामला अशा रीतीने किती मजकूर देता येतो याला कर्नलची मर्यादा असून ती लिनक्सवर सहसा २० लाख ९७ हजार १५२ बाइटची असते. गेटकॉन्फ आर्ग अंडरस्कोर मॅक्स (कॅपिटल अक्षरांत) विचारल्यास ती दिसते. २० अक्षरांची नावे असतील तर सत्तरेक हजारांच्या पुढे मजल जात नाही. उपाय असा की नमुना अवतरणचिन्हांत घालून फाइंडच्या डॅश नेम या ऑप्शनला द्यावा. मग तो शेलने न उलगडता फाइंडने नोंदी वाचता वाचता ताडून पाहिला जातो, आणि नावावरून ताडण्यासाठी आयनोड लागत नाही. हेच कारण लक्षात घेऊन त्या फोल्डरमध्ये टॅब दाबून नाव पुरे करण्याचाही मोह टाळावा, कारण त्या एका टॅबसाठी बॅश सगळी डिरेक्टरी वाचते.

फक्त फायली किती आहेत एवढेच हवे असेल तर एलएस डॅश कॅपिटल यू, पाइप, आणि ओळी मोजणारी डब्ल्यूसी डॅश एल पुरते. काटेकोर मोजणी हवी असेल तर नावांमध्ये नवी ओळ हे चिन्हही कायदेशीर असते हे विसरू नये. अशी दोन-चार नावे असली की ओळींची संख्या फायलींपेक्षा जास्त भरते. तेव्हा फाइंडला प्रत्येक फाइलमागे एकच टिंब छापायला सांगावे आणि डब्ल्यूसी डॅश सीने टिंबे मोजावीत. संपूर्ण फाइल सिस्टिमवर किती आयनोड खर्च झाले ते डीएफ डॅश आय क्षणात सांगते. बारीक बारीक फायली साठवणाऱ्यांनी ते अधूनमधून पाहावेच, कारण ईएक्सटी४ वर आयनोड संपले की डिस्कवर जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही.

कोणताही उपाय लागू पडला की नाही हे मोजूनच ठरवावे, आणि मोजताना एक दक्षता घ्यावी. पहिल्यांदा वाचलेली डिरेक्टरी आणि आयनोड कर्नल मेमरीत ठेवतो, त्यामुळे तीच कमांड दुसऱ्यांदा दिली की ती कितीतरी जलद भासते. जुनी कमांड आधी आणि नवी नंतर चालवून नवीचे गुणगान करणे हा फसवा निष्कर्ष असतो. चाचणीच्या यंत्रावर रूट, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून आधी सिंक करून प्रॉक, सिस, व्हीएम यांखालील ड्रॉप अंडरस्कोर कॅशेस या फाइलमध्ये ३ हा आकडा लिहावा आणि मगच प्रत्येक वेळी टाइम लावून कमांड चालवावी. चालू कामकाजाच्या सर्व्हरवर हे करू नये, कारण इतर सगळ्या प्रोग्रामांची साठवणही त्याबरोबर पुसली जाते. त्याहून बोलके साधन म्हणजे प्रोग्रामने केलेले सिस्टिम कॉल मोजणारे एसट्रेस डॅश सी. तुमच्या नेहमीच्या एलएसला ते लावा (एसट्रेसपुढे अलियस लागू होत नाही, म्हणून त्यातला रंगाचा ऑप्शन इथे स्वतः लिहावा), मग बॅकस्लॅशसह १ आणि कॅपिटल यू दिलेल्या एलएसला लावा, आणि दोन्ही तक्त्यांतल्या स्टॅटएक्सच्या ओळी शेजारी ठेवा. पहिल्या तक्त्यात तो आकडा लाखांत असेल आणि दुसऱ्यात तो बोटांवर मोजण्याइतका असेल. जुन्या वितरणांत स्टॅटएक्सऐवजी एलस्टॅट दिसेल, एवढाच फरक.

फोल्डर एनएफएससारख्या नेटवर्क साठवणुकीवर असेल तर चित्र आणखी बिकट होते, कारण तिथे प्रत्येक विचारणा म्हणजे एक फेरी. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला आणि प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र फेरी झाली, तर १० लाख फायलींना ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक लागतात, आणि त्यात डिस्कचा वेळ धरलेलाच नाही. एनएफएसमध्ये नावांसोबत आयनोडची माहितीही एकत्र आणणारी रीडडिरप्लस ही सोय आहे आणि सविस्तर यादीला तिचा फायदा होतो. उलट नुसती नावे हवी असतील तर तीच सोय विनाकारण ओझे आणते, आणि केवळ नावे वाचणाऱ्या कामासाठी नॉरडिरप्लस या ऑप्शनने माउंट करून पाहणे योग्य ठरते. पण शक्य असेल तेव्हा या सगळ्यात न पडता ज्या यंत्राला ती डिस्क प्रत्यक्ष जोडलेली आहे तिथे लॉगिन करून यादी काढावी आणि केवळ यादीची फाइल इकडे आणावी.

विंडोजबद्दल थोडक्यात. तिथे नावासोबत आकार आणि तारखा एकाच विचारणेत मिळतात, त्यामुळे स्टॅटची अडचण तशी नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिर स्लॅश बी फाइलमध्ये वळती करणे पुरेसे असते. पॉवरशेलमधील गेट-चाइल्डआयटम प्रत्येक फाइलसाठी एक भरगच्च ऑब्जेक्ट तयार करते, म्हणून ती मंद वाटते. तिथे डॉटनेटची एन्युमरेटफाइल्स ही पद्धत थेट बोलवावी.

हेच काम प्रोग्राममधून करणाऱ्यांनी पायथनमध्ये ओएस लिस्टडिर आणि त्यापुढे प्रत्येक नावासाठी इझडिर असे लिहिणे सोडून ओएस स्कॅनडिर वापरावे. २०१५ साली आलेल्या पायथन ३.५ पासून ते उपलब्ध आहे, नोंदी एकेक करून देते आणि नोंदीतला प्रकार वाया न घालवता वापरते, त्यामुळे फाइल की डिरेक्टरी हे कळण्यासाठी लिनक्सवर सहसा वेगळा स्टॅट लागत नाही.

एक गोष्ट अनेकांना चकवते : फायली पुसल्या तरी फोल्डर मंदच राहतो. एलएस डॅश एलडी आणि फोल्डरचे नाव अशी कमांड द्या आणि आकाराचा आकडा पाहा. ईएक्सटी४ वर नव्या, रिकाम्या डिरेक्टरीचा तो आकडा सहसा ४,०९६ असतो. १० लाख फायलींच्या डिरेक्टरीचा तो कोटींच्या घरात जातो, कारण नावांची नोंदवही तेवढी जाड झालेली असते. त्यातल्या ९ लाख ९९ हजार फायली पुसल्या तरी नोंदवहीची पाने सहसा परत केली जात नाहीत, आणि उरलेल्या हजार नावांसाठी एलएसला ती सगळी कोरी पाने चाळावी लागतात. फाइल सिस्टिम उतरवून (अनमाउंट करून) ई२एफएससीके डॅश कॅपिटल डी चालवले तर डिरेक्टऱ्या पुन्हा आटोपशीर होतात. तेवढा वेळ सर्व्हर बंद ठेवता येत नसेल तर शेजारी नवा फोल्डर तयार करून उरलेल्या फायली त्यात हलवाव्यात, जुना काढून टाकावा आणि नव्याला जुन्याचे नाव द्यावे. एकाच फाइल सिस्टिमवर हलवताना मजकूर हलत नाही, केवळ नोंद बदलते, त्यामुळे ते झटपट होते. नव्या फोल्डरचा मालक आणि परवानग्या जुन्यासारख्याच आहेत ना, एवढे मात्र आधी पाहावे.

पुसण्याचा विषय निघालाच आहे तर त्यातील धोकाही सांगितला पाहिजे. जुन्या फायली काढण्यासाठी फाइंडचा डॅश डिलीट हा ऑप्शन सर्वांत सोयीचा आहे, कारण त्यात प्रत्येक फाइलसाठी वेगळी आरएम सुरू होत नाही. पण फाइंड आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते. डॅश डिलीट हे नावाच्या किंवा तारखेच्या अटीच्या आधी लिहिले गेले तर अट पाहिली जाण्यापूर्वीच सगळे पुसले जाते. म्हणून तीच ओळ आधी डॅश प्रिंट लावून चालवावी, यादी डोळ्यांखालून घालावी, आणि मगच शेवटच्या शब्दाच्या जागी डिलीट लिहावे.

इथवरचे सगळे उपाय यादी काढण्याचे आहेत. १० लाख फायली एकाच फोल्डरमध्ये असणे हे मात्र तसेच ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नाव माहीत असलेली एखादी फाइल उघडायला ईएक्सटी४ ला एवढ्या गर्दीतही वेळ लागत नाही, त्यासाठीच तर तो हॅशवृक्ष आहे. पण बॅकअप, अँटिव्हायरस, आरसिंक, फायली शोधणारा एखादा नवखा सहकारी, अशा प्रत्येकाला सगळी डिरेक्टरी चाळावीच लागते आणि प्रत्येक वेळी सर्व्हर त्याची किंमत मोजतो. शिवाय लार्ज डिर हा विशेष ऑप्शन चालू केल्याशिवाय ईएक्सटी४ ची एक डिरेक्टरी साधारण १ कोटी नोंदींच्या आसपास भरते. हा ऑप्शन २०१७ मधल्या लिनक्स ४.१३ पासून आहे, तरी तो चालू करण्याची वेळ येणे हेच मांडणी चुकल्याचे लक्षण समजावे.

विभागणी कशी करावी हे फायली पुढे कशा शोधल्या आणि काढल्या जाणार यावर ठरवावे. तुमचे अर्ज तारखेने शोधले जात असतील आणि काही वर्षांनी जुने काढून टाकायचे असतील तर वर्ष, महिना, दिवस असे फोल्डर करावेत. जुने पुसणे म्हणजे मग एक फोल्डर काढणे एवढेच उरते. अर्ज क्रमांकाने शोधले जात असतील तर क्रमांकावरून विभागावे, आणि इथे पहिले दोन अंक न घेता शेवटचे दोन अंक घ्यावेत. क्रमांक ओळीने चढत गेलेले असल्याने पहिले अंक सगळ्यांचे जवळजवळ सारखे असतात आणि सगळी गर्दी एक-दोन फोल्डरांतच होते. शेवटचे दोन अंक घेतले की १०० फोल्डरांत प्रत्येकी सुमारे १० हजार फायली समान वाटल्या जातात. प्रोग्रामांच्या आवृत्त्या सांभाळणारे गिटही आपल्या सुट्या वस्तू हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याच्या) पहिल्या दोन षोडशमान अंकांवरून २५६ फोल्डरांत ठेवते. तिथे पहिले अंक चालतात, कारण हॅशचे सगळेच अंक सारख्या प्रमाणात विखुरलेले असतात. दोन पातळ्यांची विभागणी १० लाखांसाठी मी करणार नाही : षोडशमान पद्धतीने दोन पातळ्या केल्या तर ६५ हजारांवर फोल्डर तयार होतात आणि प्रत्येकात पंधराच फायली उरतात, त्यामुळे चाळण्याचे काम कमी न होता वाढते.

हलवाहलव करताना फायली लिहिणारा प्रोग्राम आधी बदलावा, म्हणजे नव्या फायली थेट नव्या मांडणीत जाऊ लागतील, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला काही काळ दोन्ही जागी पाहायला सांगावे : आधी नव्या फोल्डरमध्ये, तिथे नसेल तर जुन्यात. मग जुन्या फायली रात्रीच्या वेळी, शेवटच्या एकेका दोन अंकांच्या गटाने हलवाव्यात. त्यासाठी फाइंडचे प्रिंट० आणि एक्सआर्ग्स डॅश ० यांच्या जोडीने एमव्ही डॅश टी वापरावे, म्हणजे नावातील जागा किंवा नव्या ओळी आड येत नाहीत आणि एका एमव्हीला हजारो नावे एकदम दिली जातात. प्रत्येक गटासाठी फाइंड जुना फोल्डर पुन्हा वाचेल हे खरे. ते टाळायचे असेल तर सुरुवातीला काढून ठेवलेल्या नावांच्या यादीवरूनच गट पाडावेत. जुना फोल्डर रिकामा झाला की तो आरएमडिरने काढावा, आरएम डॅश आरने नव्हे. एखादी फाइल मागे राहिली असेल तर आरएमडिर नकार देते, आणि त्या नकारावरून कोणती फाइल कुठल्या प्रोग्रामने अजून जुन्या जागी लिहिली ते शोधता येते.